एक दशांश मिलिमीटर

माणसाचा रंग म्हणून आपण जे बघतो, ज्याबद्दल बोलतो आणि लग्नाच्या बैठकीत जे तोलतो, ते जवळजवळ सगळं एक दशांश मिलिमीटर जाडीच्या थरात मावतं. हे मी नुसतं वाचून सांगत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन होते. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत आमच्याकडे यायचा. त्यातलं पाणी काढायचं, तो मेणात बसवायचा, मायक्रोटोम या कापणी यंत्रावर चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे आणि रंगवायचे. निदान करणार डॉक्टर. पण स्लाइड नीट झाली की नाही हे आधी आम्ही बघायचो, आणि इतकी वर्षं बघितल्यावर माणसाला थोडंफार कळायला लागतंच.

त्वचेची स्लाइड ओळखायला सोपी. वर मेलेल्या पेशींचे पापुद्रे, त्याखाली जिवंत पेशींच्या रांगा, त्याखाली डर्मिसचे, म्हणजे त्वचेच्या आतल्या थराचे, जाड गुलाबी तंतू. पेशींच्या रांगांतली सगळ्यात खालची, नागमोडी जाणारी रांग म्हणजे बेसल थर. हिमॅटॉक्झिलिनने पेशीकेंद्रं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. पण बेसल थरात बारीक तपकिरी कण दिसतात, ते आमच्या कुठल्याच बाटलीतून आलेले नसतात. ते मेलॅनिन. स्लाइडवरचे बाकी सगळे रंग आम्ही दिलेले, हा एवढाच त्या माणसाने स्वतः आणलेला.

भिंग मोठं केलं की आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला पहिल्यांदा दिसली त्या दिवशी मी डबा खायला उठलेच नव्हते. हे कण पेशीत वाटेल तसे विखुरलेले नसतात. पेशीकेंद्राच्या वरच्या अंगाला, म्हणजे उन्हाच्या बाजूला, ते गोळा होऊन बसतात. माझं आजोळ मुळशीकडचं. भातलावणीला बाया इरली घेऊन चिखलात वाकलेल्या असायच्या. इरलं डोक्यावरून पाठीवर उतरतं, पाऊस ज्या बाजूने येतो तीच बाजू झाकतं, पोटाकडून सगळं मोकळं. पेशीतलं मेलॅनिन तसंच बसतं. झाकायचं असतं ते केंद्र, कारण डीएनए तिथे असतो आणि अतिनील किरण वरून येऊन त्यात बिघाड करतात. वरच्या सगळ्या पेशी या बेसल थरातल्याच पेशींच्या विभाजनातून तयार होतात. इथला बिघाड म्हणजे पुढच्या सगळ्या पेशींत उतरणारा बिघाड.

हे कण त्या पेशींनी स्वतः केलेले नसतात. करणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. नेहमीच्या स्लाइडवर त्या चटकन नजरेत भरत नाहीत; बेसल थरात मधूनच एखादी पेशी फिकट, रिकाम्या कड्यात बसल्यासारखी दिसते, ती बहुतेक मेलॅनोसाइट. तिला लांब फाटे असतात आणि त्या फाट्यांनी ती साधारण ३६ शेजारी पेशींपर्यंत पोचते. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून ती मेलॅनिन बनवते. हे काम ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतं ते टायरोसिनेज, आणि त्याच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात. (हे तांबं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) तयार माल मेलॅनोसोम नावाच्या पिशव्यांत भरायचा आणि फाट्यांतून शेजाऱ्यांना पोचवायचा, एवढाच तिचा दिनक्रम.

आता मुद्द्याची गोष्ट. शरीराच्या त्याच जागेची त्वचा घेतली तर या मेलॅनोसाइटची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखी असते. नायजेरियातला असो, नॉर्वेतला असो, नाहीतर नगरचा. काळ्या माणसाकडे रंगाच्या पेशी जास्त आणि गोऱ्याकडे कमी, असं नाहीच. फरक पडतो तो मालात, बांधणीत आणि वाटपात. गडद त्वचेत मेलॅनोसोम मोठे असतात, सुटे सुटे बसतात आणि पेशी वर सरकत जाते तसे बराच काळ टिकतात. उजळ त्वचेत ते लहान असतात, एका पिशवीत चार-सहा कोंबलेले असतात आणि लवकर मोडीत निघतात. शिवाय मेलॅनिन दोन जातींचं. एक तपकिरी-काळं, दुसरं तांबूस-पिवळं. लाल केसांच्या, उन्हात लगेच भाजणाऱ्या लोकांत दुसरं जास्त असतं आणि ते ऊन अडवण्यात अगदीच कच्चं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रंग हे त्वचेचं काम आहे. यकृत पित्त करतं, मूत्रपिंड रक्त गाळतं, तशी त्वचा हे करते. फक्त यकृताचं काम बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कुणी त्यावरून स्थळ नाकारत नाही.

आम्ही दोघी बहिणी. थोरली गोरी, मी रंगाने डावी. हा शब्दप्रयोग आमच्या घरात माझ्यासमोरच वापरला जायचा, त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मलाही बरीच वर्षं वाटलं नाही. आईने दोन्ही वेळा पाचव्या महिन्यापासून केशराचं दूध घेतलं होतं, दोन्ही वेळा एकाच डबीतलं केशर. हा प्रयोग म्हणून बघितला तर निकाल स्पष्ट आहे. पण आत्या शेवटपर्यंत म्हणत राहिली की दुसऱ्या वेळी केशर शिळं झालं असणार.

एकाच आईबापांची मुलं अशी का निघतात, याचं एक चांगलं उत्तर माशातून आलं. झेब्राफिश हा बोटाच्या पेरांएवढा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या नद्या-ओढ्यांतला. जगभरच्या प्रयोगशाळांत आज तो पाळतात. त्यात एक फिकट पट्ट्यांचा वाण आहे, त्याला गोल्डन म्हणतात. अमेरिकेत पेनसिल्वेनियात कीथ चेंग आणि त्यांचे सहकारी या फिकटपणाचं कारण शोधत होते. गोल्डन माशाचे मेलॅनोसोम लहान, विरळ आणि कमी गडद होते, म्हणजे उजळ माणसाच्या त्वचेत दिसतात तसेच. दोष ज्या जनुकात सापडला ते एसएलसी२४ए५. माणसातल्या त्याच जनुकाचा संदेश माशाच्या भ्रूणात टोचला, तर माशाचे पट्टे पुन्हा गडद झाले. मग त्यांनी माणसांत बघितलं. या जनुकात एका अक्षराचा फरक असतो, त्यामुळे प्रथिनातलं १११ वं अमिनो आम्ल बदलतं. युरोपातल्या जवळपास प्रत्येकाकडे बदललेली प्रत, पश्चिम आफ्रिकेत आणि पूर्व आशियात बहुतेकांकडे मूळची. हे २००५ साली प्रसिद्ध झालं.

आपल्याकडची हकीकत २०१३ मध्ये आली, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या देशीविदेशी सहकाऱ्यांकडून. भारतीय उपखंडातल्या ५४ समाजांतल्या १,५७३ लोकांत त्यांनी हे एक अक्षर तपासलं. उजळ प्रत सगळीकडे पसरलेली निघाली. कुठे भरपूर, कुठे तुरळक, आणि नुसत्या उत्तर-दक्षिण रेषेने समजावी अशी तिची मांडणी नव्हती. भाषा, भूगोल, कोण कुठून कुठे गेलं, सगळ्याचा त्यात गुंता. एका गटातल्या १,२२८ लोकांच्या रंगातल्या फरकापैकी सुमारे २७ टक्के फरक या एका अक्षराने समजावता आला. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग असा की युरोपातल्या आणि आपल्याकडच्या उजळ प्रतींचं मूळ एकच निघालं, सुमारे २२ ते २८ हजार वर्षांपूर्वीचं. ज्या कुणाच्या शरीरात ते एक अक्षर बदललं, त्याच्या प्रतीच्या प्रती डब्लिनमध्येही आहेत, चिपळुणातही आहेत आणि अंगाने काळ्यासावळ्या असलेल्या किती तरी माणसांतही एकेक करून बसलेल्या आहेत.

म्हणजे आईकडे एक उजळ आणि एक मूळची, बाबांकडेही तसंच, असं धरलं तर एका मुलीला दोन्ही उजळ आणि दुसरीला दोन्ही मूळच्या मिळू शकतात. आमची कुणाची तपासणी झालेली नाही आणि रंग ठरवणारी इतर जनुकंही अनेक आहेत, तेव्हा हे आमचंच उत्तर असं म्हणत नाही. पण असं उत्तर असू शकतं हे कळल्यावर आत्याचं केशर, आजीचा 'कुणावर गेली कोण जाणे' हा सुस्कारा आणि त्या सुस्काऱ्यात दडलेला आईवरचा सूक्ष्म आरोप, हे सगळं एकदमच हास्यास्पद वाटलं. आई मात्र हे कळायच्या आधी गेली.

गोरेपणा एकाच वाटेने येतो असंही नाही. चिनी, कोरियन, जपानी लोकांकडे ही प्रत सहसा नसते. त्यांचा उजळपणा दुसऱ्याच बदलांतून आला, त्यातला एक ओसीए२ या जनुकातला. आफ्रिकेतली गंमत तर वेगळीच. २०१७ मध्ये सारा टिशकॉफ यांच्या गटाने तिथल्या लोकांचा मोठा अभ्यास केला, तेव्हा त्वचा गडद करणारे आणि उजळ करणारे, दोन्ही प्रकारचे बदल तिथे सापडले, आणि त्यातले काही तर आजच्या मानवजातीहून जुने. रंगावरून नातं जोडायला गेलं की पदोपदी फसायला होतं ते यामुळे.

गेल्या वर्षी बहिणीची लेक इंग्लंडात बाळंत झाली, लीड्सला. व्हिडिओ कॉलवर पहिल्याच दिवशी बहिणीने विचारलं, "कानाची कड बघितलीस का गं?" नव्या पिढीतल्यांना सांगायला हवं: जन्मलेलं बाळ गुलाबीच दिसतं, म्हणून आपल्या बायका कानाच्या वरच्या कडेवरून आणि नखांच्या मुळावरून पुढच्या रंगाचा अंदाज घेतात. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदीच खुळं नाही. जन्मतः मेलॅनोसाइट जागेवर पोचलेल्या असतात, पण उत्पादन पूर्ण जोरात नसतं. ते पुढच्या काही महिन्यांत वाढत जातं आणि काही जागी आधी दिसतं. भाचीला मात्र वेगळीच काळजी होती. बाळाच्या पाठीवर, कमरेखाली, निळसर डाग होता. मुका मार लागल्यासारखा. तिथल्या नर्सने तो वजनाच्या पुस्तकात नीट नोंदवून ठेवला, पुढे कुणाला मारहाणीची शंका येऊ नये म्हणून.

तो डाग आपल्याकडच्या किती तरी बाळांना असतो. गर्भात मेलॅनोसाइट त्वचेत जन्मत नाहीत. पाठीच्या कण्याच्या जागी, मज्जासंस्था घडत असते तिथल्या पेशींतून त्या निघतात आणि चालत चालत अंगभर पसरतात. काही जणी वाटेतच, डर्मिसमध्ये, अडकतात. खोलवर बसलेलं तपकिरी मेलॅनिन वरून बघताना निळं दिसतं, कारण प्रकाश मधल्या थरात विखुरतो. काही वर्षांत बहुतेक डाग आपोआप जातात. बहिणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "ते ठीक आहे, पण कान?"

त्याच नर्सने बाळाला रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगितले. तिथे अंगावर पिणाऱ्या सगळ्याच बाळांना सांगतात, आता आपल्याकडेही सांगतात. पण लीड्ससारख्या ठिकाणी त्याला अर्थ जास्त. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार व्हायला अतिनील किरणांतला बी पट्टा लागतो, आणि तिथे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सूर्य इतका तिरपा असतो की तो पट्टा वातावरणातच अडून बसतो. त्यातून जे थोडं येतं ते गडद त्वचा अडवते. १९६२ साली ग्लासगोतल्या डॉक्टरांनी तिथल्या पाकिस्तानी वस्तीत मुडदूस सापडल्याचं लिहिलं, तेव्हा तिथून हद्दपार झालेला मानला जाणारा रोग पुन्हा दिसू लागला होता. त्या मुलांच्या त्वचेत काही बिघाड नव्हता. ती लाहोरच्या उन्हाच्या हिशेबाने काम करत होती आणि राहायला ग्लासगोत आली होती. आहाराचाही त्यात वाटा होता, पण ऊन हे मोठं कारण.

मग मुळात सगळ्यांची त्वचा उजळच का नाही झाली? चिंपांझीच्या केसांखाली त्वचा फिकटच असते. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे केस विरळ झाले, घामाने अंग थंड ठेवता येऊ लागलं, आणि आफ्रिकेचं ऊन उघड्या त्वचेवर पडू लागलं. त्यातून गडद रंग आला, इथवर सगळे मान्य करतात. नक्की कशापासून वाचण्यासाठी, यावर मात्र बराच खल झाला. त्वचेचा कर्करोग हे पहिलं सुचणारं उत्तर, पण तो बहुधा मुलंबाळं होऊन गेल्यावर गाठतो, त्यामुळे उत्क्रांतीतल्या नैसर्गिक निवडीचा दाब म्हणून लंगडा पडतो. नीना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी फोलेट पुढे आणलं. हे ब गटातलं जीवनसत्त्व. गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती, नीट मिटायला ते लागतं, म्हणून तर गरोदरपणात, खरं तर त्याच्या आधीपासून, फोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. रक्तद्रवातलं फोलेट अतिनील प्रकाशात मोडतं हे १९७८ मध्येच दाखवलं गेलं होतं. म्हणजे फोलेट राखायचं तर ऊन अडवायला हवं आणि ड मिळवायचं तर ऊन आत घ्यायला हवं. त्या त्या अक्षांशावर त्वचेने या दोहोंत तडजोड केली. ही मांडणी आहे, सिद्ध झालेलं प्रमेय नव्हे. पण उन्हाच्या नकाशावर माणसांचा नकाशा ठेवला तर बराच जुळतो.

युरोपातही गोरेपणा फार जुना नाही. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातल्या गुहेत १९०३ साली सापडलेल्या, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा डीएनए २०१८ मध्ये वाचला, तर त्वचा गडद आणि डोळे निळे असावेत असा अंदाज निघाला. लंडनच्या म्युझियमने त्याचा चेहरा घडवून मांडला तेव्हा तिथल्या काही लोकांना तो फारच झोंबला. मला त्यांचं वाईट वाटत नाही.

मोजण्याचा भाग मला माझ्या धंद्यामुळे जास्त रंजक वाटतो. फेलिक्स फॉन लुशान या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने काचेच्या ३६ रंगीत तुकड्यांची एक पट्टी केली होती. माणसाच्या त्वचेशेजारी ती धरायची आणि जुळणारा क्रमांक लिहायचा. एकाला २३ दिसायचा तिथे दुसऱ्याला २५, आणि तरी दशकानुदशकं यावर जगभरच्या लोकांच्या वर्गवाऱ्या झाल्या. मोजमापातून वंशांची उतरंड लावण्याच्या त्या काळात, १९२०च्या दशकाच्या शेवटी, इरावती कर्वे बर्लिनला ओयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करत होत्या. काम कवट्या मोजण्याचं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध लागतो का, हा प्रश्न. त्यांनी मोजलं आणि तसा संबंध नसल्याचं लिहिलं. गुरूची अपेक्षा उलट होती, आणि हे फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाचे एक आधारस्तंभ झाले. परदेशातून शिकायला आलेल्या बाईने त्यांच्याच संस्थेत बसून हा निष्कर्ष कागदावर उतरवला, याचं मला फार वाटतं. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या माणसांचीही भरपूर मोजमापं केली, पण तो वेगळा विषय.

आता पट्टी गेली, यंत्र आलं. त्वचेवर प्रकाश टाकायचा आणि परत किती येतो ते मोजायचं. मोजायची जागा दंडाची आतली बाजू, कारण तिथे ऊन लागत नाही. एकाच माणसाची तिथली आणि मानेमागची त्वचा शेजारी ठेवली तर दोन माणसांची वाटेल. पुण्यातल्या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या समाजगटांत असं मोजून २०१६ मध्ये लेख लिहिला, त्यातही ते माशातलं जनुक पुन्हा वर आलं. दवाखान्यात मात्र अजून फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांची १९७५ ची प्रतवारी चालते, उन्हात भाजतं का आणि काळवंडतं का यावर आधारलेली. तिच्यात सुरुवातीला चारच प्रकार होते आणि चारही गोऱ्यांचे. पाचवा आणि सहावा, म्हणजे आपण आणि आपल्याहून गडद अशी सगळी माणसं, नंतर जोडली गेली.

ही नंतर जोडण्याची सवय किती महाग पडते ते कोरोनात दिसलं. २०२० च्या सप्टेंबरात आपल्याकडे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं, आशाताई दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या, आणि ९४ की ९५ यावर घरातल्यांचे श्वास अडकले. ते यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवतं. मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि यंत्रांचं गणित बसवताना उजळ बोटांचा भरणा होता. त्याच डिसेंबरात अमेरिकेतला अभ्यास आला: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. त्वचा आपलं काम चोख करत होती, यंत्र बनवणाऱ्यांनी ते हिशेबात धरलं नव्हतं.

तळहात आणि तळपाय हे या सगळ्याला अपवाद. कितीही गडद माणसाचे तळवे फिकट असतात, कारण तिथल्या डर्मिसमधल्या पेशी मेलॅनोसाइटना दाबून ठेवणारा पदार्थ सोडतात. गोऱ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे मेलॅनोसाइटचा कर्करोग, उन्हाने होतो, पाठीवर, पायांवर. तो आपल्याकडे दुर्मीळ. आमच्या टेबलावर मेलॅनोमा यायचा तो बहुतेक टाचेचा नाहीतर तळव्याचा. त्याचा उन्हाशी संबंध नाही. शेतात अनवाणी हिंडणारी माणसं, काळा डाग म्हणजे काटा मोडला असेल किंवा कुरूप झालं असेल म्हणून वर्ष-वर्ष काढायची. कुणी ब्लेडने तासलेलं असायचं, कुणी बिब्बा घातलेला. तुकडा कापताना मायक्रोटोमचं पातं काळं व्हायचं. स्लाइडवर इतकं मेलॅनिन असायचं की ते ब्लीच करून काढल्याशिवाय डॉक्टरांना पेशी दिसायच्या नाहीत. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच प्रकाराने गेला. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरुवात, १९७७ मध्ये निदान, १९८१ मध्ये मृत्यू, वय ३६. गडद कातडीला कर्करोग होत नाही हा समज या एका जागी जीव घेतो. टाचेवरचा काळा डाग वाढत असेल, त्याची कड वेडीवाकडी असेल, तर तासत बसू नका, दाखवा.

कोडाच्या बायॉप्सी आमच्याकडे कमी यायच्या, कारण ते बघूनच ओळखतात. काही वेळा फिकट चट्ट्याचा तुकडा यायचा तो कुष्ठरोगाच्या शंकेने, आणि मग जंतूंसाठी वेगळा स्टेन करावा लागे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुष्ठाचा चट्टा फिकट असतो, दुधासारखा पांढरा नाही, आणि तिथे बहुधा स्पर्श कळत नाही. कोडात स्पर्श शाबूत असतो, गेलेल्या असतात त्या फक्त मेलॅनोसाइट. शरीराच्याच संरक्षक पेशींनी त्या मारलेल्या असतात. बेसल थर पूर्ण जागेवर, आणि तपकिरी कण एकही नाही. अशी स्लाइड बघताना काही तरी करायचं राहून गेलंय असं वाटायचं.

गेलेला रंग परत येतो तेव्हा तो कडेकडेने आणि केसांच्या मुळांभोवती ठिपक्याठिपक्यांनी येतो. केसाच्या मुळाशी मेलॅनोसाइटच्या मूळपेशींचा साठा असतो, तिथून त्या वर चढतात. म्हणून चट्ट्यातले केस काळे असले तर आशा जास्त, पांढरे झालेले असले तर कमी. आणि बोटांची टोकं, ओठ, तळवे अशा बिनकेसाच्या जागा उपचारांना सहसा दाद देत नाहीत. आपल्याकडे यावर बावची फार जुनी. त्वचेवरचे पांढरे डाग जावेत म्हणून वनस्पतीला घातलेलं साकडं तर अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडात आहे. बावचीच्या बियांत सोरॅलेन असतं आणि ते ऊन लागल्यावर काम करतं हे खरं. पण किती लावायचं आणि किती वेळ उन्हात बसायचं याचा अंदाज चुकला तर अंगावर फोड येतात. आता दवाखान्यात ३११ नॅनोमीटरच्या मोजक्या प्रकाशाखाली उभं करतात, ते बरं. कोडाच्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात ती इतर माणसं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, ज्यांना स्वतःला कोड आहे, त्यासाठी श्वेता असोसिएशन हा आधारगट उभा केला.

आता ते तांबं. टायरोसिनेजच्या गाभ्यातलं तांबं बाजूला सारलं की मेलॅनिन बनणं मंदावतं, आणि ही गोष्ट पारा फार छान करतो. म्हणून रंग उजळवणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा घालतात. आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो, गिऱ्हाईक खूश. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, पाय सुजतात. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमकडच्या डॉक्टरांनी असे रुग्ण एकामागून एक शोधले, आणि त्याच वर्षी अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच क्रीमने बिघडल्याची बातमी आली. स्टिरॉइडची क्रीम वेगळी, त्यांनी कातडी पातळ होते, चेहरा लाल पडतो, बंद केलं की भडका उडतो. तीही औषधाच्या दुकानात 'जरा उजळायला काही तरी द्या' म्हटल्यावर अजून मिळतात.

आमच्या सोसायटीतली एक मुलगी, बारावी झालेली, गेल्या दिवाळीत एकदम उजळ दिसायला लागली. सगळ्यांनी कौतुक केलं. मी डबी आणून दाखव म्हटलं. डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही. गुलाबाचं चित्र आणि किंमत तेवढी ठळक. तिला घेऊन लघवीची तपासणी करून आणली. प्रथिनं नव्हती. क्रीम बंद करून दीड-दोन महिन्यांत तिचा नेहमीचा रंग परत आला आणि तिची आई माझ्याशी जरा तुटक वागायला लागली. डबी मी ठेवून घेतली आहे. ती मुलगी जिन्यात भेटली की अजून विचारते, "काकू, निम्मी तरी शिल्लक होती ना हो त्यात?"